आवाज येतो, बोलणं येत नाही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चाळीस वर्षांनी या पटांगणात उभी राहून बोलतेय. संयोजकांनी सांगितलंय, "तुझ्या कामाविषयी बोल, पण जेवणाआधी संपव." माझं काम म्हणजे कान तपासणं. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, यंत्र लागणार असेल तर बसवून द्यायचं आणि मग ते त्या माणसाच्या अंगवळणी पडेपर्यंत त्याच्या मागे लागायचं. पुण्यात गेली कित्येक वर्षं हेच करतेय.

आज सकाळी चहाच्या वेळी मी कोपऱ्यात उभी राहून तुम्हाला बघत होते. वर पंखे, बाजूला कपबशांचा खणखणाट, मागे स्पीकरवर आपल्या काळातली गाणी. आपल्यातले निदान पाच-सहा जण समोरचा बोलला की हसून मान डोलवत होते आणि उत्तर भलतंच देत होते. एकानं विचारलं, "मुलगी कुठं असते?" दुसरा म्हणाला, "हो, तब्येत बरी आहे आता." नावं घेत नाही, घाबरू नका. पण इतक्या वर्षांनी भेटलेल्या मित्राला तीनदा "काय म्हणालास?" असं विचारायची लाज वाटते, आणि म्हणून माणूस हसून वेळ मारून नेतो, हे मला कळतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात आमच्या आण्णांपासून करते. तुमच्यातल्या काहींनी त्यांना पाहिलंय. आमचं गाव इंदापूरच्या बाजूला. थोडी शेती आणि साखर कारखान्यात नोकरी. गाळपाच्या दिवसांत त्यांची पाळी मिल हाऊसमध्ये असायची. तिथल्या धडधडाटात माणसं खुणांनीच बोलायची. कानात घालायचे बोळे त्यांना कुणी दिले नाहीत, आणि दिले असते तरी आण्णांनी घातले असते असंही नाही. पन्नाशीत टीव्हीचा आवाज वाढला. साठीत पारावर बसणं कमी झालं. त्यानंतर ते हळूहळू गप्पच झाले. घरात म्हणायचे, "म्हाताऱ्याचा स्वभाव बदलला."

मी याच विषयातली. त्यांच्या कानांचा आलेख काढला, चांगलं यंत्र बसवलं, बॅटरी कशी बदलायची ते शिकवलं. दोन महिन्यांनी गावी गेले तर यंत्र फडताळात, चुन्याच्या डबीशेजारी. माझा पारा चढला. मोठ्यानं म्हणाले, "आण्णा, एवढं यंत्र आणून दिलंय, तुम्ही घालत का नाही?" ते शांतपणे म्हणाले, "अगं, आवाज येतोय. बोलणं येत नाय."

मला ती सबब वाटली. आलेख माझ्या हातात होता, यंत्र नीट लावलेलं होतं. चूक त्यांचीच, असं मी मनात धरलं. आणि पुढं बरेच महिने त्यांच्याशी मोठमोठ्यानं आणि भराभर बोलत राहिले.

त्याच वर्षी आषाढात तुकोबांची पालखी आली. आपल्याकडचा रस्ता तुम्हाला पाठ आहे. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. इंदापूरच्या रिंगणाला मी आण्णांना घेऊन गेले. शेकडो टाळ, मृदंग, हजारो माणसांचा गलबला. मला वाटलं, या गोंगाटात त्यांना काहीच कळणार नाही. कुणीतरी त्यांच्या हातात टाळ दिले. आण्णा उभे राहिले आणि अभंग म्हणायला लागले. शब्द बरोबर आणि तालही बरोबर. पुढून अभंग बदलला, तर दुसऱ्या ओळीला त्यांनी तोही धरला. घरात, शांत स्वयंपाकघरात, "जेवायला चला" हे दोन शब्द ज्याला कळत नव्हते तो माणूस इथं मला मागे टाकून गात होता.

अभंग त्यांना लहानपणापासून पाठ होते, हे पहिलं कारण. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. कान तेच होते. बदलली होती ती चाल, वेग. तिथून मी माझाच विषय पुन्हा शिकायला बसले.

आधी कानाचं सांगते. आपल्या आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात ध्वनी टिपून मेंदूला कळवणाऱ्या पेशी प्रत्येक कानात साधारण साडेतीन हजार असतात. एकदा मेल्या की त्या परत उगवत नाहीत. वयानं किंवा गोंगाटानं आधी जातात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या. आपल्या बोलण्यात स, श, च, ट, क, थ ही व्यंजनं तशा बारीक आवाजाची असतात. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि मोठे असतात. म्हणजे स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात. आण्णांना साठ, आठ, काठ, पाठ हे सगळं एकसारखंच ऐकू यायचं. त्यातला नेमका कोणता शब्द ते मागच्या-पुढच्यावरून अंदाजानं ठरवायचं. त्या अंदाजाला वेळ लागतो. तेवढ्यात पुढचे चार शब्द येऊन गेलेले असतात. आपण ओरडलो तर स्वरच आणखी मोठे होतात, हरवलेली व्यंजनं परत येत नाहीत. "आवाज येतोय, बोलणं येत नाय" हे निदान माझ्या आलेखापेक्षा बरोबर होतं.

आता मेंदूकडे येऊ. जर्मनीतल्या येना इथं हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूतल्या विजेची नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो ते हेच. ती वीज एकसारखी सरळ वाहत नाही, तिला चढउतार असतात, लाटा असतात. डोळे मिटून स्वस्थ बसलो की सेकंदाला साधारण दहा लाटा दिसतात. याहून संथ लाटा असतात, जलदही असतात. सेकंदाला चार ते आठ लाटांच्या पट्ट्याला थीटा म्हणतात, चारच्या खालच्याला डेल्टा आणि तीसच्या वरच्या जलद लाटांना गॅमा.

याचा बोलण्याशी काय संबंध? आता सगळ्यांनी गुडघ्यावर हात ठेवा. मी बोलते, तुम्ही प्रत्येक अक्षराला एक टिचकी मारा. आ-ई-आ-ली, दा-दा-गे-ला, ता-ई-बो-ले. बघा, प्रत्येक अक्षराला आवाज एकदा चढतो आणि उतरतो. सहज बोलताना आपण सेकंदाला चार ते पाच अक्षरं बोलतो. वेगवेगळ्या भाषांची ध्वनिमुद्रणं तपासून संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की बोलण्याच्या आवाजातला हा चढउतार सेकंदाला पाचाच्या आसपास असतो, भाषा कुठलीही असो. आणि संगीताचा? सेकंदाला दोनच्या आसपास. आण्णांचा अभंग घरातल्या बोलण्याहून किती सावकाश चालला होता, ते इथं मला समजलं.

सेकंदाला पाच म्हणजे बरोबर थीटाचा पट्टा. २००७ मध्ये अमेरिकेत लुओ आणि पोपेल या दोघांनी मेंदूभोवतीचं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजून पाहिलं. माणूस वाक्य ऐकत असताना त्याच्या मेंदूतल्या थीटा लाटा त्या वाक्याच्या चढउताराबरोबर चालत होत्या. इतक्या बरोबर, की नुसत्या लाटा बघून या माणसानं तीन वाक्यांतलं कोणतं ऐकलं ते ओळखता येत होतं. आवाज मुद्दाम बिघडवला, समजेनासा केला, की ही जुळणीही ढिली पडत होती. भजनात टाळकरी मृदंगाकडे कान ठेवून हात चालवतो, तसा मेंदू बोलणाऱ्याबरोबर ठेका धरतो. ठेका धरला की पुढचं अक्षर कधी येणार याचा अदमास असतो, आणि त्या क्षणी मेंदू ते झेलायला तयार राहतो.

अक्षरं झेलली की काम संपत नाही, ती बांधावी लागतात. मघाशी म्हटलेलं "आई आली, दादा गेला" घ्या. प्रत्येकात अक्षरं चार, शब्द दोन, वाक्य एक. २०१६ मध्ये डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच चिनी वाक्यं तयार केली. सेकंदाला चार अक्षरं, सगळी सारख्या अंतरानं, मध्ये कुठेही थांबा नाही, आवाजात चढउतार नाही. चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत तीन ठेके दिसले. सेकंदाला चार अक्षरांचे, दोन शब्दगटांचे आणि एक वाक्याचा. ज्यांना चिनी येत नव्हतं त्यांच्या मेंदूत फक्त चारचा ठेका दिसला. म्हणजे आवाज त्यांनाही येत होता. बोलणं येत नव्हतं! आण्णांचंच वाक्य, प्रयोगशाळेतून आलेलं.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात जवळचा आहे. २००९ मध्ये गित्झा आणि ग्रीनबर्ग यांनी ध्वनिमुद्रित वाक्यं तिप्पट वेगानं वाजवली. ऐकणाऱ्यांचे अर्ध्याहून जास्त शब्द चुकले. मग त्यांनी त्याच वेगवान आवाजाचे बारीक तुकडे केले आणि तुकड्यांच्या मध्ये अगदी क्षणभराची शांतता घातली. आवाज तितकाच घाईचा राहिला, पण तुकडे मूळ चालीनं येऊ लागले. चुका एकदम खूप कमी झाल्या. शांततेत काही माहिती नसते, एक अक्षरही नसतं. पण मेंदूला आधीचं आवरून पुढच्यासाठी तयार व्हायला तेवढी जागा मिळाली. मोठा आवाज करून जे साधत नाही, ते क्षणभर थांबून साधतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या लाटा म्हणजे मेंदूचा स्वतःचा ठेका आहे आणि तो बोलण्याशी जुळवून घेतो, की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अक्षराचा तो नुसता प्रतिसाद आहे, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. डोक्यावरून अगदी क्षीण विद्युतप्रवाह देऊन हा ठेका बदलता येतो का, तेही तपासलं गेलंय. काही प्रयोगांत समज थोडीशी बदलली, पण परिणाम लहान होते. त्यामुळे उद्या कुणी "मेंदूच्या लहरी जुळवणारं मशीन" घेऊन तुमच्या दारात आलं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

बोलणं काळात मोजायचं असतं, ही गोष्ट आपल्या बारामतीला मात्र नवी नाही. कऱ्हेकाठच्या या गावात मोरोपंतांनी आर्या लिहिल्या. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाई आपल्याला फळ्यावर लघु-गुरू मांडायला लावायच्या, आठवतंय? लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मात्रा म्हणजे तरी काय, उच्चाराला लागणारा वेळ. आर्येच्या पहिल्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, तिसऱ्यात पुन्हा बारा आणि चौथ्यात पंधरा. चौथ्यातही अठरा आल्या की ती गीती. पंतांच्या बहुतेक आर्या खरं तर गीतीच आहेत. परीक्षेत यावर माझे दोन गुण गेले होते, म्हणून पक्कं लक्षात आहे. कीर्तनकारांनी त्या आर्या गावोगाव नेल्या. तेव्हा ना माईक होता ना स्पीकर. देवळात शेवटच्या खांबाशी बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचायला कीर्तनकाराच्या आवाजाइतकाच त्या मात्रांचा उपयोग झाला असेल, असं मला वाटतं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा हे रचनेतच ठरलेलं होतं.

आणि बाईंचं शुद्धलेखन! बाई आधी अख्खं वाक्य सांगायच्या. मग तुकडे पाडायच्या. "नदीच्या काठावर... एक जुनं... वडाचं झाड होतं." शेवटी परत अख्खं वाक्य. एकेका शब्दाला थांबल्या नाहीत, अर्थाच्या सांध्यावर थांबल्या. मागच्या बाकावरच्या पोरालाही लिहिता यायचं. बाई, तुम्हाला कुणी मेंदूच्या लाटा शिकवल्या नव्हत्या. पण मला आण्णांशी बोलायचं कसं ते शेवटी तुमच्या तासातून आठवलं.

मी गावी गेले. टीव्ही बंद केला. आण्णांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसले. त्यांना यंत्र घालायला लावलं, आणि शुद्धलेखन सांगावं तसं बोलले. "आण्णा... उद्या सकाळी... आपण बारामतीला... दवाखान्यात जाऊ." ते म्हणाले, "किती वाजता?"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला बरेच प्रश्न विचारले गेले. हा सगळ्यात आनंदाचा. कारण ते नुसती मान डोलवत नव्हते. त्यांना कळलं होतं. पुढची चार वर्षं आम्ही बोललो. शेतीचं, कारखान्याचं, आईचं. त्याआधीचे जे महिने मी ओरडण्यात घालवले, ते काही परत मिळाले नाहीत.

म्हणून आता तुमच्यासाठी थोडं कामाचं.

घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर आधी नाव घ्या, त्यांनी तुमच्याकडे बघू दे, मग बोला. दुसऱ्या खोलीतून बोलू नका. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा पुरे, ओरडू नका. अक्षरं ताणून, रबरासारखं बोलू नका, त्यानं ठेका मोडतो. साध्या चालीनं बोला आणि अर्थाच्या सांध्यावर क्षणभर थांबा. कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा फेकू नका, शब्द बदलून सांगा. आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधीच म्हणू नका. ऐकू न येण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागतं.

ज्यांना स्वतःलाच शंका आहे, त्यांनी कानाची तपासणी करून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि दुखत नाही. आता बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. चष्मा लागला तेव्हा आपण लाजलो नाही, मग कानाच्या यंत्राला का लाजायचं? पण यंत्र लावलं आणि लगेच झालं असं होत नाही. कित्येक वर्षं अर्धवट आवाजाची सवय झालेल्या मेंदूला नव्या आवाजावर ठेका धरायला आठवडे, कधी महिने लागतात. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, एका माणसाशी. यंत्र फडताळात गेलं तर मेंदू शिकणार कधी?

आणखी एक. स्मृतिभ्रंशावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ मध्ये अहवाल आला. टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ कारणांत ऐकू कमी येणं हे एक महत्त्वाचं कारण म्हणून दिलंय. यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश नक्की टळतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि मी तसं सांगणार नाही. पण ज्याला बोलणं कळत नाही तो माणसांतून उठतो, आणि माणसांतून उठलेल्याचं मन आणि डोकं दोन्ही सुकतात, हे मी दवाखान्यात रोज बघते.

ज्यांचे मुलगे-भाचे कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, ट्रॅक्टरवर काम करतात, त्यांनी त्यांच्या कानांत बोळे घालायला लावा. आठ तास सतत ८५ डेसिबल ही धोक्याची पायरी धरतात. वरातीतल्या डीजेसमोर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. शेजारचा माणूस हातभर अंतरावर असून ओरडावं लागत असेल तर समजा, कानातल्या त्या साडेतीन हजारांतल्या काही जणी निरोप घेताहेत.

बोलणं दोघांचं असतं, एकानं नीट चाल धरली तर दुसऱ्याला झेलता येतं. आपण सगळे आता साठीच्या उंबरठ्यावर आहोत. पुढच्या मेळाव्याला आणखी काही जण नुसते हसून मान डोलवत बसतील. त्यांना बाजूला बसवू नका. खुर्ची ओढून समोर बसा.

संयोजकांना माझी एकच विनंती. जेवणाच्या वेळी तो स्पीकर तेवढा बंद ठेवा. गाणी आपल्याला सगळ्यांना पाठ आहेत. चाळीस वर्षांत कुणाचं काय झालं, ते मात्र ऐकायचं राहिलंय.